चमच्यांच्या खणातले दोन सेल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या माणसाचं वाटोळं झालं त्याला नाही, आणि त्याच्या मुलाला तर नाहीच — तो माझा सगळ्यात जुना मित्र. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. एका सरळ, काटेकोर माणसाने आयुष्याची शेवटची दोन वर्षं स्वतःला वेंधळा समजून काढली, आणि तो वेंधळा नव्हता हे जगात फक्त मला ठाऊक होतं. एवढीच गोष्ट आहे. पण ती सांगायची म्हटली की मी गाडीपासून सुरुवात करतो. मनातल्या मनात सांगतानासुद्धा गाडीपासूनच करतो — गाडीबद्दल बोलायला मला आवडतं ना.

आम्ही नेदरलँड्समध्ये, बेस्ट नावाच्या गावात राहतो, आइंडहोवन शहराला लागूनच. मी, मुग्धा आणि आमची ईरा. कोविडच्या पहिल्या वर्षी भारतात जायची तिकिटं रद्द झाली, ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, आणि मला कॅम्परचं वेड लागलं. साधा कॅम्पर नाही. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवायची खोली. तिला चार पाय असतात. पाय खाली केले की ट्रक खालून निघून जातो आणि खोली आपली जागच्या जागी उभी राहते. त्यातही जिचं छत वर उचलता येतं अशी मला हवी होती. रस्त्यावर असताना ठेंगणी, मुक्कामाला पोचलो की छत वर, मध्ये कापडाच्या भिंती. इथे समुद्राकाठच्या बांधावरून जाताना वारा उंच गाडीला असा ढकलतो की स्टिअरिंग धरून हात भरून येतात. म्हणून ठेंगणी.

चार महिने मी एक्सेल शीट भरत होतो. कुठल्या पिकअपचा हौदा किती लांब, डबल कॅब घेतली तर ईराला मागे बसता येईल पण हौदा आखूड होईल, मागच्या अ‍ॅक्सलवर किती वजन चालेल. माहितीपत्रकात लिहिलेलं वजन रिकाम्या खोलीचं असतं, हे मला लवकर कळलं. त्यात पाणी भरा, गॅसची टाकी ठेवा, बॅटरी, पांघरुणं, मुग्धाचा कुकर, ईराची पुस्तकं, आणि मग वजनकाट्यावर चढवा — म्हणजे खरं काय ते कळतं. मुग्धा म्हणायची, "लग्नाच्या वेळी एवढ्या मुली बघितल्या असत्यास, तर मी तरी सुटले असते." मी हसायचो आणि शीटमध्ये आणखी एक कॉलम घालायचो.

शेवटी उत्तरेकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून जुनीच खोली घेतली. मग तिच्यात सुधारणा. हा माझा खरा आनंद. मागच्या स्प्रिंगांना आधार म्हणून हवेचे फुगे बसवले. लिथियम बॅटरी घातली, छतावर सोलर पॅनेल. कापडाच्या भिंतींतून गार वारा आत यायचा, म्हणून आतून चंदेरी अस्तराची रजई शिवून बसवली — स्वतः, मुग्धाच्या मशीनवर. आणि डिझेलवर चालणारा हीटर. तोही मीच बसवला, व्हिडिओ बघून बघून. सगळं जग बंद होतं, कशावर कुणाचा इलाज नव्हता, आणि तिथे गॅरेजमध्ये मात्र मी म्हणेन तसं होत होतं. ते सुख काय सांगू तुम्हाला?

आणि एक अलार्म घेतला. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्हींसाठी एकच. चांगल्यातला चांगला बघून घेतला, बरं का. बिछान्याच्या वर लावला, टेस्टचं बटण दाबून वाजवून बघितला. ईरा दचकली. मी तिला सांगितलं, हा आपला राखणदार.

पुढच्या वर्षी, शरदातल्या सुट्टीत, आम्ही पहिल्यांदा दूर गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुग्धाने वरणाला फोडणी दिली. लाल मिरची, हिंग, मोहरी — चारचौघांच्या स्वयंपाकघरात देतो तशीच, पण एवढीशी खोली! अलार्म जो काय बोंबलायला लागला! शेजारच्या तंबूतून एक आजीबाई बाहेर आल्या. ईरा कानांवर हात ठेवून ओरडत होती, "पपा, हाउ ऑप! हाउ ऑप!" — म्हणजे बंद कर. जसा काही मीच वाजत होतो. मी उडी मारून अलार्म काढला, मागचं झाकण उघडलं, दोन्ही सेल उपसले आणि जो खण हाताला लागला त्यात टाकले. चमच्यांचा खण. अलार्म परत जागेवर अडकवला, नुसताच. म्हटलं, जेवणं झाली की घालू.

तुम्ही इथे राहत असाल तर या गोष्टीला हसाल. इथल्या प्रत्येक मराठी घराची हीच कथा. स्वयंपाकघराबाहेर घरमालकाने लावलेला अलार्म, आणि त्यावर फोडणीपुरती चढवलेली शॉवर कॅप. कुणाकडे प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड. गणपतीला जमलो की यावर विनोद व्हायचे — मोदक करायला घेतले का, आधी टोपी घाल त्याला. कुणालाही त्यात काही गैर वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही.

जेवणं झाली. सेल खणातच राहिले. पुढचे तीन महिने मी चमचा काढायला खण उघडला की ते दिसायचे. घालायचेत, असं वाटायचं आणि मी खण बंद करायचो.

आता काका. नचिकेत माझा पुण्यातल्या कॉलेजचा मित्र, हॉस्टेलला एका खोलीत राहिलेले आम्ही. तो आल्मेरेला असतो. काका म्हणजे त्याचे वडील. मिरजेला आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडला शिकवायचे. बायको गेल्यापासून एकटे राहायचे, स्वतःचं स्वतः करून खायचे, आणि गल्लीत कुणाच्याही घरी फ्यूज उडाला की हाक काकांना. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. हॉस्टेलला आम्हाला भेटायला आले तरी आधी खोलीतला सॉकेट तपासायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते त्यांनी चाळीस वर्षं पोरांच्या डोक्यात भरलं: "सप्लाय बंद आहे असं ब्रह्मदेवानं सांगितलं तरी आपला टेस्टर लावायचा." आम्ही त्यांची नक्कल करायचो.

नचिकेतच्या बायकोचं, सायलीचं, बाळंतपण जवळ आलं होतं. परदेशी माणसांना दारं जरा किलकिली झाल्यावर दोन्ही लशी घेऊन काका आले. आणि ऐन जानेवारीत, इथे पुन्हा सगळं बंद असताना, नचिकेत पॉझिटिव्ह निघाला. तो माळ्यावर, सायली मधल्या मजल्यावर सातव्या महिन्यात, आणि काका एकाहत्तर वर्षांचे — साखर, शिवाय बायपास झालेली. त्यांना कुठे ठेवायचं? नचिकेतचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता.

मुग्धा म्हणाली, "काकांना इकडे घेऊन ये ना. वरची खोली रिकामीच आहे."

ती खोली रिकामीच होती, खरंय. पण काका त्याच घरातून येणार, त्यांना लागण झाली असली तर? ईराची शाळा, माझं काम — मी हे सगळं मुग्धाला समजावून सांगितलं. मग म्हणालो, त्यापेक्षा आपला कॅम्पर नेऊन देतो. दारासमोर उभा करतो. गरम, स्वतंत्र, सगळी सोय. नचिकेत फोनवर नुसता "तू देव आहेस रे" म्हणत राहिला. मदतही झाली आणि माणूस घरातही आला नाही. असा मी देव.

दुपारी तीनच्या सुमाराला मी आल्मेरेला पोचलो. नचिकेतच्या दारापुढे चारही पाय खाली सोडले, ट्रक पुढे काढला, छत वर केलं. काका बाहेर आले. माकडटोपी, स्वेटर, मास्क, आणि स्वेटरच्या गळ्यातून हात घालून खिशातला टेस्टर काढला. मला एवढं हसू आलं! मी दारापाशी, ते आत. कोविडचं दीड मीटर अंतर काही ठेवता आलं नाही, पण मान वळवून बोलत होतो. त्यांनी सगळं बघितलं. बॅटरीच्या जोडण्या, फ्यूजची पट्टी, केबल कुठून नेली आहे, अर्थिंग कुठे दिलंय. सॉकेटला टेस्टर लावला. मग पाठीत वाकून, बाकाखालची वायर बोटाने चाचपून म्हणाले, "सुहास, हे तू केलंस? एकट्यानं?"

"हो काका."

"वायरिंग स्वच्छ आहे की रे. आमच्या पोरांना आणून दाखवायला पाहिजे."

काय सांगू, छाती दोन इंच फुगली. नोकरीत माझी कितीतरी डिझाइन्स पास झाली असतील, पण काकांच्या तोंडून 'स्वच्छ' ऐकणं! मी अर्धा तास बोलत सुटलो. पाण्याचा पंप दाखवला, गॅसची चावी, हीटर कसा लावायचा. मग अलार्म. — त्या अलार्मपाशी काय झालं ते मी शेवटी सांगतो. आत्ता नाही जमत.

दुसऱ्या दिवशी मी मेसेज केला, काका, थंडी वाजत नाही ना? त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "एकदम फर्स्ट क्लास. आज आमटी-भात केलाय. उद्या भाजी करतो, सायलीलाही खिडकीतून देतो." तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. काकांच्या आधीच्या आवाजाचा माझ्याकडे असलेला तेवढाच एक पुरावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला सायली चहाचा थर्मास पायरीवर ठेवायला गेली. हाक मारली, ओ नाही. दार वाजवलं. मग नचिकेत माळ्यावरून तसाच धावत खाली आला, मास्क लावून, आणि दार ओढून काढलं. काका बिछाना आणि दार यांच्या मध्ये पडलेले होते. दाराकडे तोंड करून. म्हणजे त्यांना काहीतरी कळलं होतं, ते बाहेर यायला निघाले होते.

मी मीटिंगमध्ये होतो. फोनवर नचिकेत एवढंच म्हणाला, "बाबा शुद्धीत नाहीत, गॅस की काय म्हणतायत, तू ये." मी गाडीत बसलो. तुम्ही विचाराल, रस्त्यात काय वाटलं? काका वाचू देत, असं वाटलं. आणि त्याच्याच जोडीला, अगदी त्याच्याच जोडीला, खण डोळ्यांपुढे आला. मी आधी कशाचा विचार केला, ते मला अजून ठरवता येत नाही.

पोचलो तेव्हा अँब्युलन्स गेलेली, अग्निशमनवालेही सगळं उघडून, हवा खेळवून, मापं घेऊन गेलेले. शेगडीवर छोटं भांडं, तळाशी आमटी, वर लाल मिरचीचा तुकडा. नचिकेत रस्त्याच्या पलीकडे उभा होता, त्याला हॉस्पिटलात जाता येत नव्हतं. तिथूनच ओरडून म्हणाला, "अलार्ममध्ये सेल नव्हते रे. चमच्यांच्या खणात सापडले. तू दिलंस तेव्हा होते ना?"

होते ना, असं त्याने विचारलं. उत्तर त्यानेच माझ्या हातात ठेवलं.

मी म्हणालो, "होते."

त्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे बाबांनी काढले. फोडणीला वाजला असणार. घरी शॉवर कॅपवरून एवढे ओरडायचे सायलीला, आणि स्वतः —" आणि तिथेच, फुटपाथवर, तो खाली बसला. मी त्याच्याजवळ गेलो नाही. तो पॉझिटिव्ह होता.

नंतर एक पोलीस बाईसुद्धा आल्या, सौम्य बोलणाऱ्या. त्यांनाही मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं गेलं.

काका वाचले. वाचले म्हणजे काय? बरेच दिवस हॉस्पिटलात, मग पुनर्वसन केंद्रात. चालायला लागले, बोलायला लागले. पण हात थरथरायचे, आणि नवीन काही डोक्यात टिकायचं नाही. जानेवारीतला तो आठवडा साफ पुसला गेला होता. कॅम्पर आला, मी आलो, त्यांनी वायरिंग बघितलं, स्वच्छ म्हणाले — काही नाही. हे मला नचिकेतने सांगितलं तेव्हा मला काय वाटलं, ते स्पष्टच सांगतो. सुटल्यासारखं वाटलं. मी संडासात जाऊन दार लावून उभा राहिलो. तेव्हा रडलो, पण सुटल्याचंच रडणं होतं ते.

कॅम्पर तपासणाऱ्या मेकॅनिकने हीटरचा धूर बाहेर नेणारा पाइप दाखवला. जोडावरचा क्लॅम्प हादऱ्यांनी सैल झाला होता, आणि विषारी वायू आत साचत गेला होता. तो क्लॅम्प मी बसवलेला. ही चूक मी ताबडतोब कबूल केली. सगळ्यांपुढे, रडून, हात जोडून. नचिकेतने मला जवळ घेतलं. "अरे, तू मुद्दाम केलंस का? क्लॅम्प कुणाचाही सैल होतो, म्हणून तर अलार्म असतो ना." बघा. छोटी चूक मोठ्याने कबूल केली की माणसं पुढचं विचारत नाहीत. हे मला आधीपासून माहीत होतं का? हो. मी क्लॅम्पसाठी रडत होतो आणि त्याच वेळी मनात म्हणत होतो, चला, एवढ्यावर भागलं.

मुग्धाने मात्र एकदा विचारलं. भांडी घासता घासता, पाठमोरीच. "त्या सुट्टीत काढलेले सेल तू परत घातले होतेस ना?" मी म्हणालो, "घातले होते गं. द्यायच्या आधीच." तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिचा विश्वास बसला की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून ती मला माझ्या कामांबद्दल चिडवत नाही. एक्सेलवरून नाही, गॅरेजवरून नाही. घरातलं तेवढं हसणं बंदच झालं.

वसंतात आम्ही बाळाला बघायला गेलो. मुलगा झाला होता. काका मागच्या अंगणात खुर्चीवर, पायांवर शाल. सायली बाळ घेऊन बाहेर आली, तर काकांनी दोन्ही हात शालीखाली घातले. "मी उभ्यानं घेत नाही त्याला," मला म्हणाले. "बसूनही कुणी शेजारी असलं तरच. माझा मलाच भरवसा नाही आता."

मग मला म्हणाले, बस. नचिकेत आत गेला होता. ते एकेक शब्द जुळवत बोलायला लागले.

"सुहास, तुझी माफी मागायची राहिली. मीच काढले असणार ते सेल. आठवत नाही मला, पण दुसरं कोण होतं तिथं? चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि स्वतः फोडणी जळतीय म्हणून सेल काढून चमच्यात टाकतो. असा कसा मी? तू एवढ्या प्रेमानं गाडी दिलीस, आणि तुझ्याच डोक्याला ताप. लोक तुला बोलले असतील."

इथे मी बोलायला हवं होतं की नाही? अंगणात आम्ही दोघंच होतो. बाळ आत रडत होतं. मी तोंड उघडलं. तुम्हाला वाटेल, जिभेवर आलं होतं — नाही, खोटं कशाला बोलू, जिभेवर आलंच नव्हतं. जिभेवर जे आलं होतं तेच मी बोललो.

मी म्हणालो, "असू दे, काका. होतं असं कधीकधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी त्यांना माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? त्या माणसाला मी माफ केलं. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याबद्दलच्या मायेने. त्यांनी खिशातला टेस्टर काढला. "हा तुझ्याकडे राहू दे. तुझं काम बघितलं होतं म्हणे मी, चांगलं म्हणालो होतो म्हणे. मला आता याचा उपयोग नाही."

मी घेतला.

पुढचं थोडक्यात सांगतो. काका परत गेले, पण मिरजेला नाही. ज्या माणसाने अलार्मचे सेल काढले त्याला एकटं कसं ठेवणार? नचिकेतच्या बहिणीने पुण्याला स्वतःकडे नेलं. मिरजेचं गॅस कनेक्शन बंद केलं, घर भाड्याने दिलं. पुण्याच्या घरात त्यांना शेगडीजवळ जायची बंदी होती. ती बंदी कुणी घातली नव्हती, त्यांनी स्वतःच पाळली. घरात बल्ब गेला तर ते मुलीला म्हणायचे, इलेक्ट्रिशियनला बोलाव. नचिकेत मला हे सांगायचा आणि म्हणायचा, "बाबा एकदम घाबरट झालेत रे. दिवसातून दहादा विचारतात, मी काही चालू ठेवलं नाही ना?" मी म्हणायचो, वय झालं. खरंच, हेच शब्द. वय झालं.

मागच्या वर्षी ते गेले. नचिकेत अंत्यविधीला पोचला, मी व्हिडिओवर बघितलं. कॅम्पर मी त्याआधीच विकला होता. घेणाऱ्याला नवा अलार्म लावून दिला, समोर तीनदा वाजवून दाखवला. टेस्टर माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता तुम्ही म्हणाल, अरे, तू सेल विसरलास, मग घाबरून खोटं बोललास. वाईट झालं, पण विसरलास. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगितलं. पण विसरलो होतो का मी? कॅम्पर देऊन रिकाम्या ट्रकमधून परत येताना, उट्रेख्टच्या पुढे, मी काकांना फोन लावायला घेतला होता. 'खणात सेल आहेत, तेवढे घाला' — एवढंच सांगायचं होतं. मग वाटलं, आत्ताच तर त्यांच्यासमोर एवढ्या फुशारक्या मारल्या. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मेसेज केला तो थंडीबद्दल. म्हणजे मला आठवत होतं. कधीपासून आठवत होतं?

तर ते अलार्मपाशी.

हीटर दाखवून झाला होता. काकांनी वर बघितलं. "आणि हा काय?"

"अलार्म आहे, काका. धूर झाला, विषारी वायू झाला की वाजतो."

त्यांनी चष्मा वर सरकवला, जवळ गेले, आणि हात उचलला. "हे टेस्टचं बटण दिसतंय. दाबून बघू की?"

त्याच क्षणी मला सेल आठवले. खण माझ्या गुडघ्यापाशी होता. तो उघडायचा, हसायचं, "अहो काका, फोडणीला बोंबलतो म्हणून काढलेत" म्हणायचं आणि घालायचे. तेही हसले असते. पण त्यांनी नुकतंच मला स्वच्छ म्हटलं होतं. तेवढा एक शब्द मला घरी घेऊन जायचा होता.

मी म्हणालो, "चालू आहे, काका. कालच बघितलंय मी."

त्यांचं बोट बटणापासून वीतभर लांब थांबलं. ते माझ्याकडे वळून बघायला लागले. ब्रह्मदेवाने सांगितलं तरी टेस्टर लावायचा, असं म्हणणारा माणूस. आपल्या मुलाच्या मित्राकडे बघत होता, जो दीड तास गाडी चालवून, त्याची सोय करायला आला होता.

"तू बघितलंयस ना? मग झालं," काका म्हणाले, आणि त्यांनी हात खाली घेतला.